फ्रिगेटचा अभ्यास: शस्त्रांच्या तक्त्याला तारीख हवी

संरक्षणशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी युद्धनौका निवडायची असेल, तर नवख्याने फ्रिगेट निवडावी, असे माझे ठाम मत आहे. विमानविरोधी, नौकाविरोधी आणि पाणबुडीविरोधी अशी तिन्ही कामे या एकाच मध्यम आकाराच्या जहाजाकडे असल्याने नौदलाचे बहुतेक प्रश्न तिच्यात भेटतात. लांबी, वेग आणि वजन यांचे आकडे कोठेही मिळतात. त्यांवर वेळ घालवू नये.

खरा सापळा शस्त्रांच्या तक्त्यात आहे. माझे काम तेथेच दीर्घकाळ अडून राहिले होते, म्हणून हे विस्ताराने लिहितो. ‘आयएनएस तलवार’ हे नाव घ्या. या नावाची पहिली फ्रिगेट ब्रिटनमध्ये बांधली गेली आणि 1959 मध्ये आपल्या नौदलात आली. तिच्या पुढच्या भागावर 4.5 इंची जोडतोफ होती. 1971 च्या युद्धात, 8 डिसेंबरच्या रात्री, कराचीवर दुसरा हल्ला झाला तेव्हा ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ या फ्रिगेट ‘विनाश’ या क्षेपणास्त्र नौकेच्या सोबतीला होत्या. क्षेपणास्त्रे डागली ती ‘विनाश’ने. युद्धानंतर, सत्तरच्या दशकात, ‘तलवार’ची ती तोफ काढून तिच्या जागी क्षेपणास्त्र नौकांवरचे, स्टिक्स या नौकाविरोधी क्षेपणास्त्रांचे प्रक्षेपक बसवण्यात आले. आता तारीख नसलेल्या तक्त्यात ‘तलवार: स्टिक्स क्षेपणास्त्रे’ एवढेच वाचणारा विद्यार्थी ती क्षेपणास्त्रे 1971 च्या कराचीसमोर नेऊन ठेवतो, आणि त्यावर उभारलेले पुढचे सारे विवेचन कोसळते. उलट केवळ 1959 चा तक्ता पाहणाऱ्याला, युद्धाच्या अनुभवातून नौदलाने जुन्या जहाजाचे बळ कसे वाढवले, हा सर्वांत मोलाचा भागच दिसत नाही.

हीच अडचण आजच्या ‘तलवार’लाही आहे. सेंट पीटर्सबर्गला बांधलेली ही फ्रिगेट 2003 मध्ये ताफ्यात आली. श्टिल या विमानविरोधी क्षेपणास्त्र प्रणालीच्या चाचण्यांतील अडचणींमुळे तिला उशीर झाला होता. तिच्यावर क्लब क्षेपणास्त्रांसाठी आठ उभे प्रक्षेपक आणि जवळून येणाऱ्या हल्ल्यासाठी काश्तान प्रणाली बसवलेली होती. याच वर्गातल्या, म्हणजे याच मूळ आराखड्याच्या, पण कालिनिनग्राडला बांधलेल्या ‘तेग’वर 2012 मध्ये क्लबऐवजी ब्रह्मोस आणि काश्तानऐवजी एके-630 तोफा आल्या. त्यामुळे ‘तलवार वर्गाची शस्त्रे’ असा एकच रकाना करणे चुकीचे आहे. जहाज, वर्ष, शस्त्र आणि पुरावा असे चार रकाने करा. पुराव्यात तारीख असलेले छायाचित्र असेल तर उत्तम, कारण पुढच्या डेकवर तोफ आहे की प्रक्षेपक, हे छायाचित्र स्पष्ट सांगते.

तयार नोट्स आणि चित्रफिती यांवर मुळीच विसंबू नका. त्या एकाच जुन्या तक्त्याची नक्कल करत राहतात. मार्गदर्शकही प्रकाशनांची यादी पाहून निवडू नये. तुमच्या कच्च्या टिपणातील प्रत्येक ओळीवर ‘हे कोणत्या वर्षीचे?’ असे विचारणारे सर किंवा मॅडम मिळाल्या, तर त्यांना सोडू नका.

मात्र घाबरण्याचे कारण नाही. रडार किंवा टर्बाइनचे अभियांत्रिकी ज्ञान नसले तरी हे काम नीट होते, आणि सेवाकाळाचा भाग तुलनेने सोपा आहे. तेथे एवढेच पाहा की जहाजाने प्रत्यक्षात काय केले. तलवार वर्गातल्याच ‘तबर’ या फ्रिगेटने 2008 च्या नोव्हेंबरमध्ये एडनच्या आखातात एक जहाज बुडवले, ते थायलंडचे अपहृत मासेमारी जहाज असल्याचे पुढे उघड झाले. कोविडकाळात, 2021 मध्ये, ‘तलवार’ने बहरीनहून मंगळूरला द्रवरूप ऑक्सिजन आणला. दोन्ही प्रसंग क्षेपणास्त्रांच्या रकान्यातून कधीच कळले नसते.

विषय अजून ठरला नसेल, तर गोवा शिपयार्डमध्ये बांधलेल्या ‘त्रिपुट’ किंवा ‘तवस्या’चा विचार करा. याच घराण्यातल्या या फ्रिगेटचे जलावतरण अनुक्रमे जुलै 2024 आणि मार्च 2025 मध्ये झाले. त्यांच्या नोंदी अगदी पहिल्या दिवसापासून तारखेसह ठेवता येतील.