नव्या अंकाला वाचकांची पत्रं यावीत म्हणून

नवं त्रैमासिक किंवा पहिलावहिला दिवाळी अंक निघतो, तीनशे प्रती घरोघर पोचतात आणि मग काहीच येत नाही. दोनचार ओळखीच्यांचे ‘अंक छान झालाय’ एवढे निरोप येतात, तेवढंच. शेवटच्या पानावर ‘आपला अभिप्राय जरूर कळवा’ छापलेलं असतं, पण त्या ओळीने पत्र येत नाही. ‘अभिप्राय’ म्हटलं की वाचकाला परीक्षण लिहायला सांगितल्यासारखं वाटतं. आपल्याला ते जमणार नाही म्हणून तो अंक मिटून ठेवतो. खरं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. ते बाहेर काढायचं काम संपादकाचं.

सुरुवात प्रश्नापासून करा. अंकातले दोन किंवा तीन लेख निवडा आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच प्रश्न छापा. वाचकाला त्याचं उत्तर स्वतःच्या आठवणीतून देता यायला हवं, आणि ते दोन ओळींत मावायला हवं. समजा, एसटीवर लेख आहे. ‘लेख कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘चांगला’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: ‘तुमच्या गावात मुक्कामी गाडी किती वाजता यायची आणि ड्रायव्हर-कंडक्टर रात्री कुठे झोपायचे?’ कुणाला देवळाची ओसरी आठवेल, कुणाला ग्रामपंचायतीची खोली, कुणाला त्यांना रात्री जेवायला घालणारं घर. हे सांगायला कुणी साहित्यिक असावं लागत नाही. प्रत्येक लेखाखाली प्रश्न टाकू नका, अंक प्रश्नपत्रिकेसारखा दिसायला लागतो.

प्रश्नाच्या लगेच खाली उत्तर पाठवायचा नंबर, पत्ता आणि तारीख द्या. पत्त्यासाठी मलपृष्ठ उलटायला लावलंत की निम्मा उत्साह तिथेच मावळतो. तारीखही हवीच. ‘लवकरात लवकर’ म्हणजे कधीच नाही. ‘२० तारखेपर्यंत’ म्हटलं की लोक लिहितात.

आता साधनं. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं, म्हणजे ३०० प्रतींना ३०० कार्डं घातली तर खर्च १५० रुपये. पत्त्याच्या बाजूला उजव्या अर्ध्या भागात तुमच्या पत्त्याचा रबरी शिक्का मारा. मागे वरच्या बाजूला ‘लेखाचं नाव’, ‘तुमचं नाव’, ‘गाव’ एवढ्या तीन ओळी हाताने लिहून ठेवा, बाकी जागा कोरी ठेवा. शिक्क्याची शाई पूर्ण वाळल्याशिवाय कार्ड अंकात घालू नका, समोरच्या पानावर उमटते. कार्ड मधल्या पिनेच्या पानांत सरकवा. मुखपृष्ठाच्या आत ठेवलेलं पहिल्यांदा अंक उघडतानाच खाली पडतं. एकदम ३०० कार्डं छोट्या पोस्टात नसतात, आठवडाभर आधी सांगून ठेवा. अंक टपालाने सवलतीच्या दरात जाणार असेल, तर आत कार्ड चालेल का हेही तिथेच विचारून घ्या. आणि ‘उत्तम पत्राला बक्षीस’ असली स्पर्धा लावायच्या आधी थांबा. स्पर्धेच्या उत्तरांसाठी पोस्टाचं १० रुपयांचं वेगळं कार्ड असतं, साधं चालत नाही. शिवाय बक्षिसासाठी लिहिलेली पत्रं बहुधा स्तुतीचीच असतात.

फोनसाठी संपादकाचा घरचा नंबर देऊ नका, वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस चालू करा. क्यूआर कोड छापणार असाल तर तो किमान २ सेंटिमीटर रुंद, पांढऱ्यावर काळा आणि घडीपासून लांब असावा. छपाईला देण्याआधी कागदावर काढून दोन वेगवेगळ्या फोनवर स्कॅन करून बघा. कोड उघडताच ‘अंक १, एसटीचा लेख:’ एवढा मजकूर आपोआप यावा अशी सोय करता येते. रिकाम्या चौकटीपेक्षा अर्धवट वाक्य पुढे न्यायला सोपं जातं. वयस्क वाचक टाइप करायच्या फंदात पडत नाहीत, ते बोलून पाठवतात. ‘बोलून पाठवलंत तरी चालेल, मिस्ड कॉल दिलात तर आम्ही फोन करू’ ही ओळ छापाच. बोललेलं उतरवून काढा आणि छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा.

वाचनालयात अंक ठेवला असेल तर तिथली गोष्ट वेगळी. पहिला वाचक कार्ड काढून घेतो आणि पुढच्या वीस जणांना काहीच उरत नाही. ग्रंथपालांकडे दहा कार्डं वेगळी ठेवा, किंवा टेबलावर एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन. वहीचं पहिलं पान कोरं ठेवू नका. वर प्रश्न लिहून ठेवा.

घरी येणारा अंक बहुतेक वेळा कर्त्या पुरुषाच्या नावाने असतो, त्यामुळे उत्तर द्यायचं ते त्यांनीच, असं घरातले बाकीचे धरून चालतात. ‘घरातल्या कुणीही लिहा, एका घरातून दोन पत्रं आली तर दोन्ही वाचू’ असं स्पष्ट छापलं तर ही अडचण बरीच कमी होते. नाव न छापण्याची मुभाही त्याच ओळीत द्या.

पहिल्या अंकात पत्रांचं पान रिकामं राहणार, म्हणून खोटी पत्रं लिहायचा मोह होतो. करू नका. लहान गावात ते दोन दिवसांत कळतं आणि मग खऱ्या पत्रांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा छपाईच्या दहा-बारा दिवस आधी एकदोन लेखांची प्रुफं १५-२० जणांना वाचायला द्या. त्यात शिक्षक असावेत, दुकानदार असावेत, कॉलेजातली मुलंही असावीत. त्यांनी लिहिलेलं ‘छपाईआधी वाचलेल्यांची मतं’ अशा मथळ्याखाली उघडपणे छापा.

खरी मेहनत पत्र आल्यानंतरची. दोन दिवसांत उत्तर गेलं पाहिजे आणि त्या उत्तरात एक उलटप्रश्न पाहिजे. ‘अंक आवडला, सर्व लेख वाचनीय’ असं कार्ड आलं तर आभार मानून सोडून देऊ नका. ‘काका, कार्ड मिळालं, बरं वाटलं. तुम्ही सावंतवाडीचे, तर तुमच्याकडे मुक्कामी गाडी कुठल्या डेपोची यायची?’ एवढं विचारा. छापण्याजोगं पत्र बहुधा या दुसऱ्या फेरीत येतं.

पत्रांना अंकात पुढची जागा द्या, अनुक्रमणिकेनंतर लगेच. प्रत्येक पत्र १५० शब्दांपर्यंत आणा. कापायचं ते प्रास्ताविक आणि स्तुती. गावाचं नाव, माणसांची नाती, वस्तूंची नावं यांना हात लावू नका. शुद्धलेखन सुधारा, बोली सुधारू नका. वऱ्हाडीत किंवा मालवणीत आलेलं पत्र प्रमाण मराठीत बदललंत, तर त्या भागातून पुढचं पत्र येणार नाही. नाव आणि गाव छापा, फोन नंबर कधीही नको.

टीकेचं पत्र आधी लावा. चूक दाखवली असेल तर ती दुरुस्त करून, दाखवणाऱ्याचं नाव घेऊन छापा. लेखकाला उत्तर द्यायचं असेल तर त्याच अंकात, पत्राच्या निम्म्या लांबीत. वाद दोन अंकांपलीकडे नेऊ नका, बाकीचे वाचक कंटाळतात. एखाद्या व्यक्तीवर नाव घेऊन आरोप असेल तर खातरजमा झाल्याशिवाय पत्र छापायचं नाही, कारण छापलेल्याची जबाबदारी संपादकावरही येते.

संपादकांनी पत्रांकडे लक्ष दिलं की त्यांतून काय उभं राहतं हे मराठीत जुनंच आहे. भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि लोकहितवादींची, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांची, पत्रं १८४८ पासून त्यातच आली.

एक साधी वही ठेवा: तारीख, नाव-गाव, कोणत्या लेखाबद्दल, उत्तर दिलं का, छापलं का. ज्याचं पत्र छापलं त्याला तो अंक पाठवा, त्याच्या पानावर खूण करून. तीन अंकांनंतर वही उघडा आणि कोणत्या प्रश्नाला जास्त पत्रं आली ते बघा. पुढच्या अंकाचा एखादा लेख त्या पत्रांतूनच निघतो, आणि तो लिहायला त्याच वाचकांपैकी कुणाला तरी सांगा.