पँट लांब का होत नाही? मुलांच्या आतड्याच्या जुनाट आजाराच्या खुणा

मी तासगावात शाळेचे गणवेश शिवते. मे-जून आला की दारात मापं द्यायला रांग लागते. प्रत्येक मुलाचं माप मी वहीत टिपून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी कापडाचा अंदाज येतो. माझ्या धाकट्याचा आजार पहिल्यांदा दिसला तो या वहीत. डॉक्टरांपर्यंत जायला मात्र पाच महिने गेले, आणि त्यात चूक माझीच.

जून २०२२, पाचवी: पँटची उंची ३२, कंबर साडेतेवीस. जून २०२३, सहावी: उंची सव्वाबत्तीस, कंबर साडेबावीस. या वयाच्या पोराची पँट वर्षाला इंच-दीड इंच लांब होते, म्हणून तर आम्ही खाली दोन इंच मार्जिन दुमडून ठेवतो. मला वाटलं, टेप सैल धरला असेल. थोरल्याची जुनी पँट घालून बघितली तर ती त्याच्या टाचेखाली लोळत होती, आणि थोरल्यानं ती चौथीत वापरलेली. तरी मी म्हटलं, हा माहेरच्यांवर गेलाय, बुटका राहणार.

तर पहिलं काम हे करा. दारामागे भिंतीला पाठ लावून, अनवाणी, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीची खूण करा आणि शेजारी तारीख घाला. दर तीन महिन्यांनी, त्याच भिंतीला. चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. ४ च्या खाली गेलं तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, पोट दुखत असो वा नसो. क्रोन्स नावाच्या, आतड्याला जुनाट सूज येणाऱ्या आजारात कधीकधी जुलाब सुरू व्हायच्या कितीतरी आधी वाढ खुंटते. मूल बुटकं असणं वेगळं आणि वाढता वाढता थांबणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं नाही. वजनाचंही तसंच. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन वर्षभर तेवढंच राहिलं, तर ते घटल्यासारखंच धरायचं.

दुसरी जागा संडास. दहा-अकरा वर्षांचं पोर आत एकटं जातं, पाणी ओततं, बाहेर येतं. आईला काय कळणार? ‘शी नीट होते का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: हो. त्यापेक्षा असं विचारा: आज किती वेळा गेलास? रात्री उठावं लागलं का? शाळेत घाई लागली तर दाबून धरतोस का? जाऊन आल्यावरही अजून राहिलंय असं वाटतं का? मी शेवटी त्याला सांगितलं, आठ दिवस पाणी ओतायचं नाही, मला हाक मारायची. तो रडला, भांडला. चौथ्या दिवशी हाक मारली. पातळ शी, तिच्यात शेंबडासारखी आव आणि रक्ताचे लालसर धागे. ‘असं कधीपासून?’ म्हटलं, तर म्हणाला, ‘दिवाळीपासून.’ म्हणजे मागच्या दिवाळीपासून.

रक्ताबद्दल नीट सांगते, कारण इथंच गल्लत होते. मूल कुंथतंय, शी कडक खड्यासारखी आहे आणि तिच्यावर वरून लाल रेघ आहे, तर बहुतेक वेळा बद्धकोष्ठानं जागा चिरलेली असते. पातळ शीत मिसळलेलं रक्त, सोबत आव आणि मुरडा, हे वेगळं प्रकरण. ‘मूळव्याध असेल’ म्हणून मलम आणू नका, मुलांना मूळव्याध क्वचितच होते. आणि ती जागा एकदा बघाच. पोर लाजेल, पण आंघोळीच्या वेळी बघा. तिथं कातडीचे लोंबते कोंब, पुन्हा पुन्हा होणारं गळू किंवा पू येणारं छिद्र असलं, तर ती क्रोन्सची मोठी खूण असते. आम्ही डॉक्टरांना ते दाखवलंच नव्हतं. ‘पोट दुखतं’ म्हणून नेलं, त्यांनी पोट तपासलं.

आपल्याकडे पोटदुखी म्हटली की आधी जंत. गोळी तर शाळेतच १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मिळालेली, तरी मी घरी आणखी एक दिली. मग अ‍ॅसिडिटी. मग ‘गणिताच्या तासाला दुखतं’. आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं इतर मुलांच्या बाबतीत खरंही असतं. बेंबीभोवती दुखतं, पण पोर रात्री गाढ झोपतं, खातं, खेळतं, भिंतीवरची खूण वर सरकते, तर आतड्याला सूज असायची शक्यता कमी. दुखण्यानं झोपमोड होत असेल, दुखणं बेंबीपासून लांब, विशेषतः उजवीकडे खाली असेल, किंवा जुलाब चार आठवड्यांच्या वर रेंगाळले असतील, तर परीक्षेला दोष देऊ नका. डब्याकडेही लक्ष ठेवा. आमचा डबा अर्धा परत यायचा आणि मी भाजी बदलत बसले. खाल्लं की कळ येते, म्हणून तो शाळेत खातच नव्हता.

बाकीच्या खुणा पोटात नसतात, म्हणून सुट्या सुट्या वाटतात. सारखं तोंड येणं. घोटा किंवा गुडघा सुजणं. नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी. डोळा लाल होऊन दुखणं. कारण न सापडणारा बारीक ताप. वयात येण्याची लक्षणं मागं पडणं. आणि फिकटपणा: धाकट्याचं हिमोग्लोबिन ९.२ होतं, तीन महिने लोहाचं सिरप पाजलं, आकडा जागचा हलला नाही. सिरप रोज घेऊनही रक्त वाढत नसेल तर ते जातंय कुठं, हा प्रश्न विचारायला हवा होता. तोंड आलं की ‘ब’च्या गोळ्या, घोटा दुखला की ‘खेळताना मुरगळला’, असं मी प्रत्येकाला वेगळं औषध देत राहिले. यातलं दोन-तीन एकाच मुलात दिसलं तर एका कागदावर तारखांसह लिहा आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. तोंडी सांगताना निम्मं विसरतं.

मिरजेच्या बालरोगतज्ज्ञांनी माझी मापाची वही बघितली आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपके काढले. रेघ आडवी झालेली. मग रक्तगणना, ईएसआर आणि सीआरपी (अंगात सूज आहे का ते सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), जंतुसंसर्गासाठी शीची तपासणी आणि शीतलंच कॅलप्रोटेक्टिन. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन शीत उतरतं. चार वर्षांपुढच्या मुलात दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या आत असलं तर सूज असण्याची शक्यता फार कमी. साध्या जुलाबातही ते वाढतं, त्यामुळे एका आकड्यावरून घाबरायचं नाही. आणि रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही, काही मुलांत आजार असूनही ते ठीक येतात.

या धावपळीत तीन गोष्टी करू नका. पोटदुखीवर आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून देऊ नका, आतड्याला त्या बाधू शकतात. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून चपाती बंद करू नका. गव्हामुळे होणाऱ्या सिलियाक आजाराची तपासणीही यात करतात, आणि गहू आधीच सोडला तर ती चुकीची ‘नाही’ येऊ शकते. आणि कुणी सुचवलं म्हणून स्टेरॉइड सुरू करू नका. आपल्याकडे आतड्याचा टीबी अगदी क्रोन्ससारखा दिसतो. टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर तो पसरू शकतो. पुण्याच्या डॉक्टरांनी भूल देऊन वरून-खालून दोन्हीकडून दुर्बीण घातली, तुकडे तपासणीला पाठवले, टीबी नाही याची खात्री करून घेतली, आणि मगच ‘क्रोन्स’ असं लिहिलं. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो. त्याचा भाऊबंद अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यातच राहतो आणि बहुधा आव-रक्तानंच कळतो, म्हणून तो त्यातल्या त्यात लवकर सापडतो.

आठवडे मोजत बसायचं नाही अशीही वेळ असते: भळभळ रक्त, हिरवी उलटी, पोट फुगून टणक होणं, तापासोबत न सोसणारी कळ, लघवी बंद होणं. तेव्हा कागद शोधू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

धाकट्याला आधी आठ आठवडे फक्त दुधासारखं पोषक पेय दिलं, पोळी नाही की भात नाही. घरात फोडणी दिली की तो गच्चीवर जाऊन बसायचा. आजार गेलेला नाही, औषधावर आटोक्यात आहे. जून २०२४ ला पँट चौतीस.

आता मापं घेताना मी मागच्या वर्षीचं पान उघडूनच बसते. गेल्या वर्षी एका चौथीतल्या मुलीचा पिनफोर मागच्याच मापाचा निघाला. तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं. त्या थोड्या रागावल्या, पण गेल्या. पोट ठणठणीत होतं तिचं. थायरॉइड निघालं.