‘नाचक्की’ कुठे वापरावी, कुठे टाळावी

‘नाचक्की’ हे स्त्रीलिंगी नाम असून ते ‘होणे’, ‘करणे’ किंवा ‘ओढवून घेणे’ यांच्याबरोबर येते आणि ज्याची पत गेली, तो षष्ठीत राहतो: ‘यजमानांची नाचक्की झाली’. ‘बदनाम’ हे विशेषण असल्यामुळे ‘ते बदनाम झाले’ असे म्हणता येते. ‘ते नाचक्की झाले’ असे मात्र म्हणता येत नाही.

अर्थाचा गाभा ‘चारचौघांत’ या शब्दात आहे. लग्नाची पंगत बसली, वरणभात वाढून झाला आणि दुसऱ्या वाढीला भातच संपला. वाढपी रिकामे पातेले घेऊन आचाऱ्याकडे पाहतो, व्याही मंडळी पानावर हात आखडून बसतात, ती यजमानांची नाचक्की. येथे कोणी खोटे बोललेले नाही, फक्त उणेपण सर्वांसमोर उघडे पडले आहे. उलट पाठीमागे अफवा पसरवली गेली, तर ‘बदनामी’ हाच शब्द घ्यावा. दोघांतच घडलेल्या फजितीला नाचक्की म्हणणे मला तरी अतिशयोक्तीचे वाटते.

‘अब्रू’ फारसीतून आली. ‘आब’ म्हणजे पाणी किंवा तेज आणि ‘रू’ म्हणजे चेहरा, त्यामुळे ती ‘जाते’ किंवा ‘राखली जाते’. कायद्याच्या मजकुरात मात्र ‘अब्रूनुकसानी’ किंवा ‘बदनामी’ लिहावे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम 499 चा हा विषय आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. ‘नाचक्कीचा दावा’ कोणी दाखल करत नाही.