ऑक्टोबरमध्ये तळ्याकाठच्या केबिनला जाताय? या चुका टाळा

कयाक उलटली तेव्हा आमचा मित्र डॉकपासून जेमतेम पन्नास फुटांवर होता. लख्ख ऊन पडलेलं, काठावरचे मेपल लालभडक झालेले आणि फोटोसाठी तो मागे वळला. पुण्यात टिळक टँकवर पोहून वाढलेला माणूस, आमच्यात सगळ्यांत तरबेज. पण डोकं पाण्याबाहेर आल्यावर त्याला आमच्या हाकेला ओ देता येईना. तोंड उघडं, श्वास नुसता आत ओढला जातोय, वल्हं हातातून सुटून लांब चाललेलं. अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून तो तरंगत राहिला. तेच जॅकेट दहा मिनिटांपूर्वी "उकडतंय" म्हणून त्याने काढायला घेतलं होतं, आणि बायकोने काढू दिलं नव्हतं.

न्यू जर्सीहून साधारण पाच तासांवर, न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागात, अ‍ॅडिरॉन्डॅक्समधल्या लाँग लेकला आम्ही चार कुटुंबं दर ऑक्टोबरमध्ये जातो. त्या दिवसापासून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक ग्रुपला मी एकच गोष्ट सांगतो. आपण हवा बघून बेत ठरवतो. बघायचं असतं ते पाणी आणि सूर्यास्ताची वेळ.

पाण्यातल्या चुका

दुपारी हवा ६५ अंश फॅरनहाइट असली की टी-शर्ट आणि जीन्सवर कयाकमध्ये बसावंसं वाटतं. तळ्याचं पाणी मात्र तोवर बरंच गार झालेलं असतं. पाणी ६० अंशांच्या खाली गेलं की अचानक पडलेल्या माणसाचा श्वास त्याच्या ताब्यात राहत नाही. त्याच वेळी तोंडात पाणी गेलं तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. मॅनिटोबा विद्यापीठातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी यासाठी १-१०-१ हे सूत्र रूढ केलं. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, त्यात बाहेर पडायचं किंवा पक्का आधार धरायचा. गारठून शुद्ध हरपायला मात्र १ तासाच्या आसपास लागतो. म्हणजे वेळ असतो, फक्त पहिलं मिनिट निभावायला हवं, आणि ते लाइफ जॅकेटच निभावून नेतं. न्यूयॉर्क राज्यात १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांखालच्या बोटीत सगळ्यांनी जॅकेट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. ऑक्टोबरमध्ये मोठ्यांना ती सक्ती नसते, म्हणून बरेच जण ते पायाशी टाकून ठेवतात. उलटलेल्या कयाकमधून पायाशी ठेवलेलं जॅकेट शोधून, गार पाण्यात, थरथरत्या हातांनी घालणं जवळजवळ अशक्य आहे. अंगात घाला, पट्टे आवळा, आणि खांद्यावर धरून कुणाला तरी वर ओढून बघायला सांगा. हनुवटीपर्यंत वर आलं तर ते सैल आहे.

कपडे हवेसाठी नाही, पाण्यासाठी घालायचे. सुती काहीच नको. लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, वर वॉटरप्रूफ जाकीट, आणि मिळाला तर भाड्याने वेटसूट घ्या. कोरड्या कपड्यांचा एक जोड घट्ट बंद पिशवीत कयाकमध्येच ठेवा, केबिनमध्ये नाही.

दुसरी चूक वाऱ्याची. लाँग लेक १४ मैल लांब आणि अरुंद आहे. सकाळी आरशासारखं दिसणारं पाणी दुपारी वारा सुटला की लाटांनी भरून जातं. जाताना वारा पाठीवर असतो, कयाक भरभर जाते, आणि परतताना तोच वारा तोंडावर घेऊन थकलेल्या हातांनी वल्हवावं लागतं. म्हणून सकाळी लवकर निघा, आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा आणि काठ धरून राहा.

आणि उलटलीच तर? कयाक सोडू नका. भाड्याची साधी कयाक पाण्याने भरली की खोल पाण्यात तिच्यात परत चढणं सरावाशिवाय जमत नाही, तेव्हा त्यात ताकद घालवू नका. उलट्या कयाकवर छातीपर्यंत वर सरका, जमेल तेवढं अंग पाण्याबाहेर ठेवा. आम्ही दुसरी कयाक त्याच्याजवळ नेली, तिच्या पुढच्या टोकाला त्याने दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तसंच त्याला काठावर आणलं. तिथे कुणीतरी मायेपोटी ब्रँडीचा घोट पुढे केला. तो देऊ नका. दारूने कातडीकडे रक्त धावतं, वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते. ओले कपडे काढा, कोरडं घोंगडं गुंडाळा, आणि कप स्वतः धरता येत असेल तर गोड गरम चहा द्या. बोलणं अडखळत असेल, कापरं अचानक थांबलं असेल, तर वाट न बघता ९११ ला फोन करा.

डोंगरावर

दर रविवारी सिंहगड चढणारे इथे फसतात ते अंधारामुळे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याच्याही आधी काळोख होतो. जवळचा ब्लू माउंटन एका बाजूने फक्त २ मैल आहे, पण चढ साधारण १५०० फुटांचा, आणि वरच्या टप्प्यात ओले गुळगुळीत कातळ आहेत. जेवून दोन वाजता निघालेला ग्रुप वरच्या जुन्या फायर टॉवरवर (वणव्यावर नजर ठेवायच्या मनोऱ्यावर) फोटो काढत बसला की उतरताना त्याच कातळावर अंधार गाठतो. गळलेल्या पानांखाली मुळं आणि दगड दिसत नाहीत, ते वेगळंच. परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा आणि शिखर पाच मिनिटांवर असलं तरी ती पाळा. प्रत्येकाकडे हेडलॅम्प हवा. मोबाइलचा टॉर्च चालणार नाही, कारण गारठ्यात बॅटरी लवकर उतरते आणि रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या. हे शिकारीचे दिवस असतात, तेव्हा भडक नारिंगी टोपी किंवा जाकीट घाला.

केबिनमध्ये

बुकिंग करताना न्यू जर्सीतल्या झाडांची पानं कधी रंगतात ते बघू नका. तिकडचे रंग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरात येतात, आपल्याकडे त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. मालकाला थेट विचारा, हीटिंग आहे का, की फक्त लाकडाची शेगडी? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना? घरामागची लाकडं गाडीत भरून नेऊ नका. लाकडातून झाडं पोखरणारी कीड पसरते म्हणून बाहेरच्या राज्यातली, उष्णतेची प्रक्रिया न केलेली लाकडं न्यूयॉर्कमध्ये आणायला बंदी आहे. तिथेच विकत घ्या. रात्री खरकटं, ग्रिल, मुलांचा खाऊ, काहीही डेकवर ठेवू नका. अस्वलं थंडीआधी भूक भागवायला फिरत असतात.

सुट्टीत कोजागिरी आली की मसाला दूध झाल्यावर कुणीतरी म्हणतंच, चला, चांदण्यात एक फेरी मारू. पाणी तेव्हा काळं असतं, उलटलेला माणूस दिसत नाही आणि काठ किती लांब आहे ते कळत नाही. आम्ही आता संध्याकाळीच कयाक वर ओढून उलट्या घालतो आणि वल्ही घरात आणतो. दूध डॉकवर बसून पितो. तो मित्रही असतो, लोकरीची टोपी कानांवर ओढून, पातेल्याजवळची जागा धरून.