दुकानात कॉम्प्युटर घ्यायला सरकार पैसे देतं का? देतं, पण पुढच्या दाराने नाही

आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी मोबाईल पुढे करतं, "दादा हे बघा ना, छोट्या धंद्याला डिजिटल व्हायला सरकार ५० टक्के अनुदान देतंय म्हणे, तेवढा फॉर्म भरून द्या." मी तालुक्याच्या गावात हिशेब लिहायचं, जीएसटी रिटर्न आणि असले फॉर्म भरायचं काम करतो, त्यामुळे हे फॉरवर्ड माझ्याकडे फिरून फिरून येतात. सिंगापूरमध्ये खरंच तशी स्कीम आहे, मंजूर यादीतलं सॉफ्टवेअर घ्या आणि ५० टक्क्यांपर्यंत खर्च सरकार देतं. आपल्याकडे "बिलिंग मशीन घेतली, बिल दाखवलं, निम्मे पैसे खात्यात" इतकं सरळ काम नाहीये. आपल्याकडे पैसा आडवळणाने येतो, कुठे कर्जाच्या सबसिडीतून, कुठे टॅक्समधून, कुठे तुमच्या ऐवजी दुसऱ्यालाच दिला जातो आणि काम तुमचं फुकटात होतं. ही आडवळणं माहीत नसली की मग एजंटचं फावतं.

सगळ्यात आधी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी. हे नसेल तर पुढचं बरंचसं बंदच आहे. १ जुलै २०२० पासून उद्योग आधार या जुन्या नोंदणीच्या जागी हे आलं, आधार आणि पॅन लागतं, कागद एकही अपलोड करावा लागत नाही आणि फी शून्य. पुन्हा सांगतो, शून्य. गुगलवर उद्यम टाकलं की वर जाहिरातीत हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट येतात आणि हजार-दोन हजार मागतात, पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन नसेल तर ती सरकारी नाही, बंद करा. बसण्याआधी दोन गोष्टी तपासा, आधारला चालू मोबाईल नंबर जोडलाय का आणि आधार-पॅनवर नाव सारखंच आहे का. आमच्याकडे एकावर दगडू आणि दुसऱ्यावर दगडुराव अशी प्रकरणं रोजची, आणि तेवढ्यावरच गाडी अडते.

आता फॉर्ममध्ये तुमचा धंदा कुठला ते निवडायचं असतं, मॅन्युफॅक्चरिंग, सर्व्हिस की ट्रेडिंग. इथे लोक काहीही टिक करतात आणि नंतर पस्तावतात. किराणा, कापड, हार्डवेअर म्हणजे ट्रेडिंग. ट्रेडर लोकांना जुलै २०२१ मध्ये उद्यममध्ये घेतलं खरं पण ते फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरतं (जे कर्ज बँकांना ठराविक प्रमाणात द्यावंच लागतं), त्यामुळे उद्यम सर्टिफिकेट फ्रेम करून गल्ल्यावर लावलं म्हणून किराणावाल्याला कारखानदाराच्या सगळ्या सवलती मिळत नाहीत. पण समजा तुम्ही दुकानातच मसाला दळून पॅक करून विकताय तर ते मॅन्युफॅक्चरिंग झालं, तो एनआयसी कोड (धंद्याच्या प्रकाराचा सरकारी नंबर) पण टाका, एकापेक्षा जास्त कोड चालतात आणि नंतर दुरुस्ती पण फुकटच होते. खोटं मात्र टाकू नका. आकाराची काळजी करू नका, एप्रिल २०२५ पासून मशिनरीत अडीच कोटीपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटीपर्यंत उलाढाल म्हणजे सूक्ष्म उद्योग, आपण सगळे त्यातच बसतो.

आता मुख्य आडवळण, पीएमईजीपी, म्हणजे नवीन धंद्याला बँकेचं कर्ज आणि त्यावर सबसिडी देणारी केंद्राची स्कीम. नवीन धंदा सुरू करायचाय आणि त्यात कॉम्प्युटर-प्रिंटर हीच तुमची मशिनरी आहे, म्हणजे डीटीपी, डिजिटल प्रिंटिंग, फ्लेक्स, सायबर कॅफे असलं काही, तर हीच तुमची डिजिटल ग्रँट समजा. सर्व्हिस धंद्याला २० लाखांपर्यंत प्रोजेक्ट, मॅन्युफॅक्चरिंगला ५० लाखांपर्यंत. सबसिडी किती ते तुम्ही कोण आणि कुठे यावर. शहरात ओपनच्या पुरुषाला १५ टक्के, गावात २५. महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि गावात ३५.

आकडा मांडून बघू. गावातल्या एका ताईंना आठ लाखांचं डिजिटल प्रिंटिंग टाकायचंय. स्वतःचे ५ टक्के म्हणजे ४० हजार, बाकी ७ लाख ६० हजार बँक देणार, आणि सबसिडी ३५ टक्के म्हणजे २ लाख ८० हजार. तेच शहरात ओपनच्या पुरुषाने केलं तर स्वतःचे १० टक्के म्हणजे ८० हजार आणि सबसिडी १ लाख २० हजार. हा फरक बघून बरेच जण लगेच म्हणतात मग बायकोच्या नावाने करू. करा की, पण मग धंदा खरंच वहिनींनी बघायचा, कारण हप्ते थकले की नोटीस त्यांच्या नावाने येते आणि सिबिल (कर्जफेडीचा रेकॉर्ड) त्यांचं खराब होतं. नवरा-बायको मिळून एकालाच मिळते हे पण लक्षात असू द्या.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज, सबसिडी म्हणजे हातात रोख. नाही हो. ते २ लाख ८० हजार बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतात, त्यावर तुम्हाला व्याज मिळत नाही पण तेवढ्याच रकमेच्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी युनिट चालू आहे का हे प्रत्यक्ष येऊन बघतात आणि मग ती रक्कम कर्जात वळती होते. वर्षभरात शटर पाडलं तर सबसिडी गेली. त्यामुळे सबसिडीसाठी धंदा काढू नका, हे मी तोंडावर सांगतो आणि काही लोकांना राग येतो.

अर्ज ऑनलाइन असतो, खादी ग्रामोद्योगच्या पोर्टलवर. तिथे एजन्सी निवडायला सांगतात, जिल्हा उद्योग केंद्र हा पर्याय आपल्याला सोयीचा कारण ऑफिस जिल्ह्याच्या गावी असतं, जाऊन विचारता येतं. प्रोजेक्ट रिपोर्ट, कोटेशन, शाळेचा दाखला, जातीचा दाखला लागत असेल तर तो, गावातला असाल तर लोकसंख्येचा दाखला. सर्व्हिसमध्ये ५ लाखांच्या वर आणि मॅन्युफॅक्चरिंगमध्ये १० लाखांच्या वर प्रोजेक्ट असेल तर आठवी पास पाहिजे. जागेची किंमत प्रोजेक्टमध्ये धरत नाहीत. प्रोजेक्ट रिपोर्ट इंटरनेटवरून कॉपी मारू नका, बँक मॅनेजर पहिला प्रश्न विचारतो की महिन्याला किती स्क्वेअर फूट फ्लेक्स जाईल आणि समोरचा माझ्याकडे बघतो.

पोर्टलवर मंजुरीची शिफारस झाली म्हणजे कर्ज मिळालं असं नाही, शेवटी पैसे बँक देते आणि बँकेला वाटलं नाही तर नाही देत. म्हणून अर्जाच्या आधीच बँकेत जाऊन बोला, जिथे चालू खातं आहे तिथेच बोला, सिबिल काढून बघा. मागे एकाने शिफारस आली या खुशीत उसने पैसे काढून मशीन बुक केली, ॲडव्हान्स दिला, आणि बँकेने कर्ज नाकारलं. ॲडव्हान्स गेला, व्याज मात्र चालू. कर्ज मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत कोटेशनच्या पुढे जायचं नाही. कोटेशनवर मात्र जीएसटी नंबर, मॉडेल, किंमत सगळं नीट पाहिजे, "कॉम्प्युटर सेट १ नग" असलं चालत नाही.

खाण्यापिण्याचा माल बनवत असाल, लोणचं, पापड, काजू, गूळ, तर पीएमएफएमई बघा, ही छोट्या अन्नप्रक्रिया धंद्यांची केंद्राची स्कीम. यात ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचे निदान १० टक्के, आणि चालू धंदा वाढवायला पण चालते, हा मोठा फायदा कारण पीएमईजीपी पहिल्यांदा नवीन युनिटलाच मिळते. आपल्या राज्यात हे कृषी खात्याकडे आहे आणि जिल्ह्यात संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांचं काम अर्ज आणि प्रोजेक्ट रिपोर्ट करून देणं आणि त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही द्यायचं नाही. एका एजंटने याच कामाचे आमच्या ओळखीच्या एका मावशींकडून आठ हजार घेतले आणि नंतर फोन उचलेना.

या दोन्ही स्कीमची मंजूर मुदत २०२५-२६ पर्यंतची होती. अशा मुदती वाढतात, बदलतात, नियमही फिरतात, त्यामुळे ऑफिसला जायच्या दिवशी पोर्टल उघडून बघायचं, मागच्या वर्षीच्या पीडीएफवर जायचं नाही.

हातगाडीवाले, भाजीवाले, चहावाले यांच्यासाठी पीएम स्वनिधी ही छोट्या कर्जाची स्कीम. २०२० ला सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज १० हजार होतं, ऑगस्ट २०२५ मध्ये ते १५ हजार केलं, ते फेडलं की २५ हजार, मग ५० हजार, आणि मुदत मार्च २०३० पर्यंत. व्याजात ७ टक्के सवलत, आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅक, एकूण १६०० रुपयांपर्यंत. दुसरं कर्ज वेळेत फेडलं तर यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड पण. नगरपालिकेत विक्रेता म्हणून नाव नसेल तर शिफारस पत्र मागता येतं. तारण काही लागत नाही. रक्कम छोटी वाटते पण ज्याची बँकेत कधी फाईलच नव्हती त्याची फाईल तयार होते, मला यातली हीच गोष्ट आवडते.

यूपीआयवरून आठवलं. "क्यूआर लावा, प्रत्येक पेमेंटवर सरकार तुम्हाला कमिशन देईल" असं सांगत पोरं फिरतात. जानेवारी २०२० पासून यूपीआय घेणाऱ्या दुकानदाराला चार्ज नाही हे खरं, पण दोन हजारांपर्यंतच्या पेमेंटवर सरकारने जो ०.१५ टक्के इन्सेंटिव्ह जाहीर केला होता तो बँका आणि पेमेंट कंपन्यांना, दुकानदाराला नाही. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कोणी अनुदान जमा करतो म्हणून पिन टाकायला सांगितला तर तो चोर.

ऑनलाइन विकायचंय? एमएसएमई-टीम नावाची स्कीम आहे, जून २०२४ मध्ये आली, २७७ कोटींची, एनएसआयसी ही सरकारी कंपनी चालवते, पाच लाख छोट्या उद्योगांना ओएनडीसीवर (सरकारच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ऑनलाइन विक्रीचं खुलं नेटवर्क) आणायचं आणि त्यात निम्मे महिलांचे. इथे तुमच्या खात्यात काही येत नाही, पण कॅटलॉग बनवणं, खातं सांभाळणं, पॅकिंग, डिलिव्हरी याच्या खर्चाला मदत मिळते. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात माल विकायला, उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर, ऑनलाइनसाठी जीएसटी नंबर सक्तीचा राहिला नाही, पोर्टलवर एनरोलमेंट नंबर घेतला की झालं. म्हणजे सांगलीची हळद पुण्याला पाठवता येईल, बेळगावला नाही.

आता जे कोणी विचारतच नाही ते. चालू किराणा दुकानाला वरचं फारसं लागू नाही, मग त्याला काय? त्याला टॅक्स. रेग्युलर जीएसटीत असाल तर कॉम्प्युटर, बारकोड स्कॅनर, प्रिंटर, बिलिंग सॉफ्टवेअर सगळ्यावरचा जीएसटी क्रेडिट मिळतो, म्हणजे तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा होतो. ७० हजारांचा सेट, १८ टक्के म्हणजे १२ हजार ६०० परत, ना अर्ज ना साहेब. फक्त बिलावर तुमचा जीएसटी नंबर पाहिजे, पोराच्या नावाने घरच्या पत्त्यावर ऑनलाइन मागवलं की गेलं. कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठराविक टक्के भरायची सोपी जीएसटी पद्धत) असाल तर हे मिळत नाही.

दुसरं त्याहून भारी. इन्कम टॅक्सच्या ४४ एडी प्रमाणे, म्हणजे विक्रीच्या ठराविक टक्के नफा धरायची जी सोय आहे त्यात, (नव्या कायद्यात कलम नंबर बदललाय) रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून, यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के. वर्षाला १ कोटी ८० लाख विक्री, सगळी रोख, तर नफा १४ लाख ४० हजार आणि नव्या पद्धतीने टॅक्स जवळजवळ लाखभर. तीच विक्री सगळी डिजिटल असेल तर नफा १० लाख ८० हजार, दुसरं उत्पन्न नसेल तर १२ लाखांच्या आत म्हणून टॅक्स शून्य. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो, ते वेगळं. पण जे क्यूआर लपवून "रोख द्या ना" म्हणतात त्यांना हा हिशेब कागदावर लिहून दिला की गप्प बसतात.

कागदांचं एकच सांगतो, एक फाईल करा आणि त्यात आधार, पॅन, उद्यम, बँकेचं स्टेटमेंट, भाडेकरार किंवा घरपट्टी, कोटेशन आणि नंतरची पक्की बिलं क्रमाने लावा. मशीनचा सिरियल नंबर बिलावर आणि मशीनवर जुळतोय ते फोटो काढून ठेवा. पीएमईजीपीचं युनिट असेल तर बाहेर तशी पाटी लावायची असते, ती पाऊस-उन्हात गळून पडली तर परत लावा, कारण तपासणीवाले कधी येतील याचा भरवसा नसतो आणि ते आले की आधी पाटीचाच फोटो काढतात.