समुद्रकाठच्या रिसॉर्टात चिनी-तिबेटी जेवण: काय मागवायचं, कधी आणि का

गोव्यातल्या बड्या बीच रिसॉर्टांत मुख्य बुफेखेरीज एखादं वेगळं एशियन रेस्टॉरंट असतं. काही ठिकाणी त्याच्या मेन्यूवर चिनी पदार्थांना खेटून मोमो, थेनथुक (पिठाच्या तुकड्यांचा रस्सा), टिंगमो (वाफवलेला पाव) अशा तिबेटी पदार्थांचं अर्धं पान असतं. दोन माणसांचं बिल सहज काही हजारांत जातं आणि तरी पुष्कळ जण चिली चिकन, हक्का नूडल्स खाऊन परततात. ते गल्लीतल्या गाडीवरही मिळतं, आणि खरं सांगायचं तर गाडीवर जास्त चांगलं मिळतं.

मागवताना एक गोष्ट धरून चाला: मासळी चिनी बाजूची घ्या, पिठाचं आणि रश्श्याचं तिबेटी बाजूचं. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कँटनी स्वयंपाकात ताजा मासा जवळजवळ काही न करता वाफवायची मोठी परंपरा आहे. तिबेट हे सरासरी चार हजार मीटरहून उंच पठार. तिथलं जेवण याकचं मांस, लोणी, जव आणि गहू यांवर उभं आहे. मासे खाणं पुष्कळ तिबेटी लोक परंपरेने टाळतात. एका याकवर अनेकांची पोटं भरतात, तेवढ्याच पोटांसाठी माशांचे कितीतरी जीव जातात, असा त्यामागचा बौद्ध विचार. त्यामुळे ‘प्रॉन थुक्पा’ (थुक्पा म्हणजे नूडल्सचं तिबेटी सूप) किंवा ‘लॉब्स्टर मोमो’ दिसला तर ती रिसॉर्टच्या शेफची करामत समजा. वाईट असेलच असं नाही, पण कोळंबीचे जादा पैसे तिथे मोजण्यापेक्षा हार गावमध्ये (कोळंबी भरलेला, मोमोसारखा वाफवलेला चिनी पदार्थ) मोजलेले बरे.

टेबल बुक करताना

ही रेस्टॉरंटं बहुधा फक्त रात्री उघडतात, आठवड्यात एखादा दिवस बंद असतात आणि उघड्यावरची बैठक पावसाळ्यात गुंडाळलेली असते. फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. तुमच्या पॅकेजमधलं जेवण इथे चालतं का, की फक्त बुफेत? बऱ्याच ठिकाणी इथे ठरावीक रक्कम वळती होते आणि वरचे पैसे वेगळे पडतात. दुसरं, आगाऊ सांगावं लागणारं काय आहे? पेकिंग डक आणि ग्याकोक (मधे निखाऱ्याचं धुराडं असलेलं पितळी भांडं, भोवती उकळता रस्सा) यांना बहुधा आदल्या दिवशी सांगावं लागतं. तिसरं, आज अख्खा मासा कुठला आला आहे? चौथं, कपड्यांचा नियम. ओली स्विमिंग चड्डी कुठेच चालत नाही आणि काही ठिकाणी पुरुषांना हाफ पँट व स्लीपरवर आत घेत नाहीत.

आता बाहेरच्या टेबलाचा मोह. सूर्यास्त गोव्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास होतो, मे महिन्यात सातच्या. तो बाहेर बसून बघा, पेय तिथेच घ्या आणि जेवायला आत या. समुद्रावरच्या वाऱ्यात मोमोची पारी पाच मिनिटांत चिवट होते, हार गावची पारदर्शक पारी रबरासारखी घट्ट होते आणि वॉकमधून (खोलगट चिनी कढईतून) आलेल्या भाजीची धुरकट चव बशीतच मरते. बाहेरच बसायचं असेल तर टोपलीचं झाकण ठेवूनच आणायला सांगा आणि एका वेळी एकच टोपली मागवा. आत बसलात तरी एसीच्या थेट झोताखालचं टेबल नको, तिथेही हेच होतं.

चार माणसांची ऑर्डर

सगळं एकदम सांगू नका. सांगितलंत तर सगळं एकदम येतं आणि निम्मं गार होतं. तीन फेऱ्या करा.

पहिल्या फेरीत डिम सम (वाफवलेले छोटे चिनी पदार्थ, हार गाव त्यातलाच) दोन टोपल्या (एकीत बहुधा तीन-चार नग), एक प्लेट वाफवलेले मोमो आणि काकडीची थंड कोशिंबीर. दुसरीत सातशे-आठशे ग्रॅमचा अख्खा वाफवलेला मासा, लसूण घालून परतलेली एक हिरवी पालेभाजी, एक मापो टोफू (झणझणीत रश्श्यातला टोफू), आणि शाप्टाबरोबर चार टिंगमो. शाप्टा म्हणजे मिरची-आल्यात झटपट परतलेले मांसाचे पातळ काप, आणि टिंगमो हा वाफवलेला, पापुद्रे सुटणारा पाव. तो कापायचा नाही, हाताने सोडवून शाप्टाच्या रसात बुडवायचा. तिसऱ्या फेरीत पोटाचा अंदाज घेऊन एक थेनथुक किंवा साधा भात. चार जणांना एवढं पुरून उरतं.

एकाच पदार्थाच्या दोन प्लेट हव्या असतील तर ‘वेगवेगळ्या परता’ असं सांगून ठेवा. वॉकमध्ये माल जास्त झाला की आच पुरत नाही, भाजीला पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी ती शिजते. मोठ्या ग्रुपच्या टेबलावर पाणचट नूडल्स येतात त्या याच कारणाने.

मासा

गोव्यात चोणक मागा. रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच हा. जाड, पांढरं, मोठ्या पाकळ्यांचं मांस आणि काटे कमी, त्यामुळे वाफवायला त्याच्यासारखा दुसरा नाही. तांबसोही चालतो. सुरमई वाफवून कोरडी पडते, ती तव्यावरच बरी. बांगडा या पद्धतीत घेऊ नका, त्याचा उग्र तेलकटपणा आलं-पातीच्या हलक्या रसाला झेपत नाही.

मासा शिजण्याआधी टेबलावर दाखवायला सांगा. यात लाजायचं काही नाही, चांगल्या ठिकाणी ते स्वतःहूनच आणतात. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलं की खड्डा लगेच भरून आला पाहिजे. मेन्यूवर ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिलेलं असेल तर शंभर ग्रॅमचा दर, आणि वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हे दोन्ही आधीच विचारा. खेकडा आणि लॉब्स्टरलाही हेच. बिलावरून होणाऱ्या बऱ्याच कटकटी इथेच टळतात.

सातशे ग्रॅमच्या माशाला उकळत्या पाण्यावर साधारण नऊ-दहा मिनिटं पुरतात. बशीत जमलेलं गढूळ पाणी ओतून टाकायचं, वर आल्याचे आणि कांद्याच्या पातीचे बारीक तुरे घालायचे, त्यावर कडकडीत तेल आणि मग सोया सॉसचा हलका रस, असा क्रम असतो. बशीतला रस गढूळ आणि हिवसट वासाचा असेल तर ते पाणी ओतलेलं नाही. सगळ्यात जाड भागात चॉपस्टिक घातल्यावर मांस काट्यापासून जेमतेम सुटलं पाहिजे. आपोआप गळून पडत असेल तर मासा जास्त शिजला, चिकटून बसला असेल तर दोन मिनिटं परत पाठवा.

1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत खोल समुद्रातला मासा ‘आजचाच ताजा’ म्हणून सांगितला तर भुवई उंचावायला हरकत नाही. तेव्हा मत्स्यशेतीतली कोळंबी किंवा चोणक घ्या, नाहीतर तिबेटी पानाकडे वळा. पावसात थेनथुक तसाही जास्त चांगला लागतो.

मोमो, थेनथुक आणि मुंग्या आणणारी मिरी

मोमो हाताने खाल्ला तर कोणी काही म्हणत नाही. आधी कडेला लहानसा चावा, आतला रस चोखून घ्यायचा, मग उरलेला. काट्याने भोसकला की रस बशीत जातो आणि मागे कोरडा खिमा राहतो. बरोबर येणारी लाल चटणी, सेपेन, थेंबाथेंबाने लावा. शाबालेय हा त्याचाच तळलेला, करंजीसारखा भाऊ. तोही आतून रसाळ असतो, तेव्हा जीभ सांभाळा.

थेनथुकमध्ये पिठाची पट्टी हाताने ओढून, चपटी करून अंगठ्याएवढे तुकडे थेट उकळत्या रश्श्यात तोडून टाकतात. ते तुकडे वाटीतही फुगत राहतात, दहा मिनिटांनी रस्सा पिऊन गिळगिळीत होतात. म्हणून तो शेवटी, आणि वन बाय टू स्वयंपाकघरातूनच करून मागवा. टेबलावर वाटत बसू नका. लोण्याचा खारट चहा मेन्यूवर असेल तर एकच कप चौघांत चाखा. तो हाडं गोठवणाऱ्या थंडीसाठी आहे, किनाऱ्यावरच्या दमट हवेत जड होतो.

मापो टोफूत आणि काही तिबेटी चटण्यांत जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी असते. कोकणी स्वयंपाकघराला ती परकी नाही: बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ त्याच वनस्पतिकुळातलं, एकाच प्रजातीगटातलं सख्खं नातेवाईक आहे. तिच्यातल्या सॅन्शूल नावाच्या द्रव्याने जीभ बधिर होते, आणि बधिर जिभेला वाफवलेल्या माशाची चव कळत नाही. त्यामुळे मासा आधी, मापो टोफू नंतर. झोंबलं तर थंड पाण्याने काही होत नाही, साधा भात खा. मेन्यूवरच्या लालभडक ‘शेजवान’मध्ये ही मिरी बहुधा नसतेच, तो सॉस म्हणजे लाल मिरची-लसणाची आपली देशी घडण. मुंबईच्या ताजमध्ये 1973 साली गोल्डन ड्रॅगन सुरू झालं, तेव्हापासून हे नाव आपल्याकडे पसरत गेलं.

अमुक एक न खाणाऱ्यांसाठी

‘व्हेज आहे ना?’ एवढं विचारून भागत नाही. नेमकं विचारा: पालेभाजीत ऑयस्टर सॉस (कालवांचा) आहे का, सूपचा स्टॉक कोंबडीचा का, नूडल्समध्ये अंडं आहे का, तळणीचं तेल वेगळं का. मापो टोफूत मूळचा खिमा असतो, तो वगळून मागावा लागतो. मोमोच्या पारीत मैदा आणि पाणीच असतं, पण व्हेज मोमोची टोपली कोंबडीच्या टोपलीखाली वाफवली तर वरचं पाणी खाली गळतं, म्हणून वेगळी वाफवायला सांगा. जैन जेवणाचं बुकिंगच्या वेळीच सांगितलेलं बरं, कारण मोमोचं सारण सकाळीच कांदा-लसूण घालून तयार झालेलं असतं. शिवाय गोव्यात बीफवर महाराष्ट्रासारखी बंदी नाही. शाप्टा, शाबालेय कशाचे आहेत हे न विचारता मागवू नका. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना सोया सॉससुद्धा चालत नाही, त्यात बहुधा गहू असतो.

टेबलावर चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, चिनी घरांत ते मृतासाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं. चहा आधी दुसऱ्यांच्या कपात ओता. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवा, चिनी रीत जाणणारा वेटर ती भरून आणतो. फिरत्या चकतीवरून कोणी घेत असताना ती फिरवू नका.

बिल

खोलीच्या खात्यावर टाकणार असाल तरी बिल टेबलावरच वाचा. चेकआउटच्या रांगेत माशाचं वजन कोणाला आठवत नाही. ज्या हॉटेलात आधीच्या आर्थिक वर्षात कुठल्याही खोलीचं एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांच्या वर गेलं आहे, तिथल्या रेस्टॉरंटला 18 टक्के जीएसटी लागतो. एरवी बाहेरच्या रेस्टॉरंटला तो 5 टक्के असतो. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, तेव्हा दोन्हींची बेरीज वेगळी दाखवलेली हवी. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले. नको असेल तर काढायला सांगा, आणि द्यायचं असेल तर टिप वेगळी, रोख, वाढणाऱ्याच्याच हातात द्या. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त लावलं म्हणून मात्र भांडू नका, हॉटेलांना तशी मुभा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलं आहे. बसल्या बसल्या ‘साधं फिल्टरचं पाणी’ मागितलं की तो प्रश्नच येत नाही.