ट्रॉली एका बाजूला ओढतेय? आधी चाक बघा
दुकानातली ट्रॉली सरळ जात नसेल तर लगेच नवं चाक मागवू नका. ट्रॉली आडवी करून चाक बोटाने फिरवा. बहुतेकदा आसाभोवती केस, सुतळी, पिशवीचे धागे गच्च गुंडाळलेले सापडतात. ब्लेडने कापून चिमट्याने ओढा. तेल ओतायचा मोह टाळा, त्यावर धूळ बसून चिखल होतो. चाक फडफडत असेल तर वरचा नट सैल आहे का ते पाहा. एका जागी चपटं झालेलं चाक मात्र बदलायचंच. टाइल्सवर १२५ मिमीचं पॉलियुरेथेनचं चाक घ्या, नायलॉनचं फार खडखडतं. ट्रॅव्हलेटर (पायऱ्या नसलेला, उतरता सरकता पट्टा) असेल तर त्याच्या पट्ट्यांशी जुळणारी खाचांचीच चाकं हवीत. साधी चाकं उतारावर अडकत नाहीत, भरलेली ट्रॉली खाली सुटते.